दीडशे पावलांतले पन्नास किलो

सोमवार, ४

आज ही वेगळी वही काढली. वजनकाट्याच्या केबिनमधल्या नोंदवहीत सात रकाने आहेत: गाडी, वेळ, भरलेली, रिकामी, फरक, मीटर, सही. मला काय वाटतं यासाठी आठवा रकाना नाही. एकवीस वर्षांत मला फारसं काही वाटलंच नाही, त्यामुळे अडलं नव्हतं.

इस्पितळाच्या मागच्या आवारात ऑक्सिजनची उभी पांढरी टाकी आहे. सोमवारी आणि गुरुवारी टँकर येतो आणि त्यातला पातळ, गार ऑक्सिजन टाकीत भरतो. आत येताना टँकर माझ्या काट्यावर चढतो, रिकामा होऊन जाताना पुन्हा चढतो. पहिल्या वजनातून दुसरं वजा केलं की माल किती उतरला ते कळतं. काटा जुना आहे, बॉयलरला कोळसा लागायचा तेव्हाचा, पण अजून ठणठणीत. पाच किलोंच्या खाली त्याला कळत नाही, एवढीच खोड. शिवाय टँकरला स्वतःचं मीटर असतं आणि टाकीला गेज. म्हणजे साक्षीदार तीन. तिघांचं तंतोतंत कधीच जुळत नाही. दहा-वीस किलो इकडेतिकडे आम्ही सोडून देतो.

आज काटा म्हणाला चार हजार साठ. मीटर म्हणालं चार हजार आठ. गेज मीटरच्या बाजूने. बावन्न किलो काट्यावर आले, पण टाकीत पोचले नाहीत. काट्यापासून टाकीपर्यंत दीडशे पावलं आहेत, मी मोजली आहेत. दीड महिना झाला, दर खेपेला हेच. आधी वाटलं माझीच वजाबाकी चुकते. ती चुकत नाही.

दुपारी ताईला डायलिसिसच्या वॉर्डातून घेऊन घरी आलो. तिला यातलं काही बोललो नाही. चार तास यंत्राला जोडून घेतल्यावर तिच्या अंगात ऐकायचंही त्राण नसतं.

गुरुवार, ७

आज अठ्ठेचाळीस.

सोमवारी जरा जास्त, गुरुवारी जरा कमी. नोंदवहीची मागची पानं चाळली तर बहुतेक वेळा असंच. ही काय भानगड आहे? हवेला वार कळतो का?

हा माल मुळात विचित्रच. शून्याच्या खाली एकशे त्र्याऐंशी अंशांवर कसाबसा पातळ राहतो, जरा ऊब लागली की उडून जातो. मी तो एकदाच पाहिला आहे, एका तंत्रज्ञाने थर्मासमध्ये घेऊन दाखवला होता. फिकट निळा. पहाटेच्या आभाळातलं थोडं कोणी पेल्यात काढून ठेवलं असावं तसा. त्या दिवसापासून टँकर आला की मला वाटतं, आत एक लहानसं निळं तळं हेलकावे खात आलंय. हे नोंदवहीत लिहिता येत नाही.

शुक्रवार, ८

ताईचं पाणी मीच मोजतो. सकाळी बाटली भरून देतो, सातशे मिली, पेनाने रेघा मारलेली. दिवसभरात तेवढंच. पाणी, चहा, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्यातच. आज बाटली संध्याकाळी निम्मी होती आणि बर्फाच्या साच्यातले दोन खण रिकामे.

"ताई, बर्फ कुठं गेला?"

"उडून गेला. तुझ्या त्या गॅससारखा."

मी जन्मलो तेव्हा अगदीच एवढासा होतो म्हणून तिने माझं नाव तोळा ठेवलं. पन्नाशी उलटली तरी ती मला तोळ्याच म्हणते. दोन बर्फाचे खडे म्हणजे तीस मिली. मी रेघेच्या बाजूला बारीक खूण केली. तिने ती पाहिली आणि म्हणाली, "तुला सासर मिळायला हवं होतं रे, म्हणजे कळलं असतं मोजून खाणं काय असतं."

सोमवार, ११

टँकरच्या ड्रायव्हरला फाटकावरचा रखवालदार 'सावकाश' म्हणतो. नाव चपखल आहे. बाकीचे ड्रायव्हर काट्यावर धाडकन चढतात, आकडे नाचत राहतात. हा असा चढतो की कपातला चहासुद्धा हिंदकळू नये. बोलणंही तसंच, गरजेपुरतं. चाळिशीचा, गालफडं बसलेला माणूस. वजन होईपर्यंत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत असतो. सीटमागे झोपायची फळी असते, तिच्यावर जाड पडदा सोडलेला.

ड्रायव्हरला मी खाली उतरवत नाही. भरलेल्या वेळी तो आत, रिकाम्या वेळीही आत, म्हणजे त्याचं वजन आपोआप कटतं. ही पद्धत मीच पाडली आणि मला तिचा अभिमान आहे.

आज शंका आली ती धुक्याची. माल उतरवण्याआधी पाइप आणि मीटर गार करून घ्यावं लागतं, नाहीतर मीटरमधून नुसती वाफ जाते आणि आकडा खोटा पडतो. त्या गार करण्यात थोडा माल हवेत जातो, त्याचं पांढरं धुकं जमिनीवर लोळतं. म्हटलं, हा जास्त सोडत असेल. म्हणून केबिनला कडी लावून टाकीपाशी गेलो. लाल पट्ट्याच्या पुढे जायची परवानगी नाही, तिथेच उभा राहिलो.

काय सुंदर दिसत होतं! कोवळं ऊन, आणि गुडघाभर पांढरं. पाइपावर बर्फ धरत होता, त्याचा किरकिर आवाज येत होता. धुक्यात मला एका सावकाशचे दोन दिसले, एक उंच आणि एक ठेंगणा, ठेंगण्याच्या हातात पिशवी. चष्म्यावर वाफ आली होती. काढला, पुसला, घातला, तर एकच. नंबर तपासून घ्यायला हवा.

धुकं नेहमीएवढंच होतं. त्यात पन्नास किलो मावणार नाहीत. फरक एकावन्न.

बुधवार, १३

वजनमापवाले आले होते, मीच पत्र पाठवलं होतं. वीस-वीस किलोंची लोखंडी वजनं कोपऱ्यात ठेवून, मध्ये ठेवून, गाडीसकट, गाडीविना, सगळं पाहिलं. शेवटी म्हणाले, "काटा तुमच्यापेक्षा तरुण आहे. त्याला काही झालेलं नाही."

जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच. काटा खरा, मीटर खरं, गेज खरं. मग खोटं कोण उरलं?

गुरुवार, १४

सावकाशला विचारलं. चलनावर सही घेताना सहज विचारावं तसं.

"तुमच्या खेपेला काटा पन्नास जास्त दाखवतो."

त्याने पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "तुमचा काटा बरोबर असेल."

"मग मीटर?"

"तेही बरोबर असेल."

असं उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही. सही करून तो चढला, तेव्हा त्याच्या केबिनचं दार उघडं होतं. समोरच्या फळीवर पाण्याची बाटली, तिच्यावर पेनाने मारलेल्या रेघा, अगदी ताईच्या बाटलीसारख्या. मला बरं वाटलं. हाही मोजून वागणारा दिसतो. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे जिवावर येतं.

आज सत्तेचाळीस. दुपारी ताई वॉर्डातून हसत बाहेर आली. तिच्या शेजारच्या खाटेवर दोन महिन्यांपासून एक बाई येतात, वयाने ताईपेक्षा पुष्कळ लहान. ताई त्यांना शेजारीण म्हणते. मी त्यांना पाहिलेलं नाही, बायकांच्या वॉर्डात मला दारापर्यंतच मुभा. शेजारणीने आज नर्सला हसवून हसवून बेजार केलं म्हणे. मशीन लावण्याआधी वजन करतात, ते अठ्ठेचाळीस भरलं तर म्हणाली, "यातलं माझं किती आणि पाण्याचं किती, वेगवेगळं सांगा."

रविवार, १७

ताईला स्वप्न पडलं, सकाळभर तेच सांगत होती. एक नदी आहे आणि ती उताणी तिच्यावर तरंगते आहे, तोंड उघडं ठेवून. पाणी आपोआप आत जातं, आणि कोणी मोजत नाही.

"मी नव्हतो का तिथं?"

"काठावर होतास. बाटली घेऊन. पण फार लांब होतास, बरं झालं."

शेजारणीलाही पाण्याचीच स्वप्नं पडतात. दोघी एकमेकींना सांगतात. तिच्या स्वप्नात तळं असतं, निळं, आणि ती त्याच्या शेजारी पडून असते. तळं गाडीतून चाललेलं असतं. हात लावायचा नाही, कारण गार आहे. ताईला हे फार विनोदी वाटलं. मला मात्र आवडलं. माझ्या डोक्यातलं तळं दुसऱ्या कोणाला दिसावं याचं नवल वाटलं.

शेजारणीला तिचे यजमान सोडतात. मोठी गाडी आहे त्यांची, असं ती म्हणाली. ताई म्हणते, घरचं बरं असणार.

सोमवार, १८

त्रेपन्न. आजवरचं सगळ्यात जास्त.

भांडाराच्या बाईंनी बोलावलं. साठा, खरेदी, सगळं त्यांच्याकडे असतं. चष्मा कपाळावर आणि आवाज करवतीसारखा. माझी दोन महिन्यांची टिपणं त्यांच्यापुढे होती, मीच दिलेली.

"काटा तपासलात?"

"हो."

"मीटर? पाइप? गेज?"

"सगळं."

"म्हणजे मालाव्यतिरिक्त काहीतरी पन्नास किलो गाडीत बसून आत येतं आणि जाताना नसतं. दगड, पाण्याचे कॅन. काट्यावर भरायचं, आत उतरवायचं. आपण काट्याच्या वजनावर पैसे देतो हे त्याला माहीत आहे. ही जुनी युक्ती आहे, तुम्हाला ठाऊक नाही का?"

ठाऊक होती.

त्यांनी सावकाशला समोर उभं केलं. सरळ विचारलं, "गाडीतून इथं काय उतरवता?" तो माझ्याकडे बघत राहिला, बाईंकडे नाही. काही बोलला नाही. एक शब्द बोलला असता तर मी त्याच्या बाजूने दोन बोललो असतो.

मंगळवार, १९

अहवाल लिहिला. "काट्यावरील वजनात मालाव्यतिरिक्त वजन हेतुपुरस्सर मिळवले जात असल्याचा दाट संशय आहे." दाट हा शब्द खोडला, पुन्हा लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे सगळं फारच खरं दिसायला लागलं.

ताईने विचारलं काय झालं. म्हटलं, कामाचं आहे. ती म्हणाली, "कामाचं असलं की तू नखं खात नाहीस."

गुरुवार, २१

नवा ड्रायव्हर. काट्यावर धाडकन चढला, शिट्टी वाजवत उतरला. काटा तीन हजार नऊशे पंच्याण्णव, मीटर तीन हजार नऊशे नव्वद.

पाच किलो! दोन महिन्यांत असा आकडा पाहिला नव्हता. भांडाराच्या बाईंनी फोन करून "शाबास" म्हटलं. सावकाशला कंपनीने लांबच्या फेरीवर टाकलंय, चार-पाच दिवस घराबाहेर. चौकशी पूर्ण झाली की काढणार. मला वाईट वाटलं, पण आकड्यापुढे माझं काय चालणार? आकडा तर समोर होता.

ताईने वॉर्डातून बाहेर येताच सांगितलं. शेजारची खाट रिकामी राहिली.

"बरं नसेल," मी म्हणालो.

"बरं नसतं म्हणूनच तर येतो आम्ही," ती म्हणाली.

सोमवार, २५

फरक शून्य. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. आकडे पाहून मी केबिनमध्ये एकटाच हसलो, हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी विसरायला नको की मी हसलो होतो.

दुपारी ताईला आणायला गेलो तर ती व्हीलचेअरमध्ये बसून रडत होती. खाट आजही रिकामी. तंत्रज्ञाने शेजारणीच्या घरी फोन केला होता. तिनेच उचलला. श्वास लागत होता, तरी म्हणाली, चढून बसता येईल अशी गाडी नाही, दोन बस बदलाव्या लागतात आणि पहिल्या बसच्या पायरीवरच खाली बसावं लागलं. यजमान बाहेरगावी आहेत. त्यांना कामावर चोर ठरवलंय.

"मोठी गाडी होती ना त्यांची?" मी विचारलं.

"होती रे. टँकर होता. मागच्या फळीवर पडून यायची ती. आणि तुझ्या त्या धुक्यातून उतरून मागच्या दाराने वर. कोणाला सांगू नका म्हणाली होती, ऑक्सिजनच्या गाडीत माणूस बसवला तर नवऱ्याचं लायसन जातं. मी तुलासुद्धा सांगितलं नाही. तू लिहून ठेवशील म्हणून."

मी खुर्ची ढकलत राहिलो. लिफ्टमध्ये ताई म्हणाली, "तोळ्या, मजल्याचं बटण दाब की." मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

रेघा मारलेली बाटली. धुक्यातला ठेंगणा. कपातला चहासुद्धा हिंदकळू नये अशी गाडी. सगळं मी माझ्या हाताने या वहीत उतरवलंय, तारखांसकट.

मंगळवार, २६

सकाळी आधी डायलिसिसच्या वॉर्डात गेलो. तंत्रज्ञाची वही मागितली. तिथे प्रत्येकाचं वजन दोनदा लिहितात, मशीनआधी आणि मशीननंतर, वजाबाकी करून किती पाणी काढलं ते. माझ्यासारखीच वही. शेजारणीच्या नावापुढे, मशीनआधी: सोमवार ११, पन्नास किलो नऊशे. गुरुवार १४, अठ्ठेचाळीस किलो दोनशे. सोमवार १८, एकावन्न किलो नऊशे. चार दिवसांच्या खंडानंतर जास्त, तीन दिवसांनंतर कमी. हवेला नव्हे, तिला वार कळत होते. मी माझी वही शेजारी ठेवली. आकडे एकमेकांना चिकटून बसले होते. तंत्रज्ञ म्हणाला, "तुमचा काटा एवढा बारीक बघतो?"

तिथून भांडाराच्या बाईंकडे. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"ऑक्सिजनच्या टँकरमध्ये पेशंट? ठिणगी पडली असती म्हणजे?"

"चूकच आहे. पण चोरी नाही. बाई, दोन डायलिसिस चुकलेत तिचे. आज आठवा दिवस."

त्या मला पुष्कळ बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी फोन उचलला आणि अँब्युलन्स मागितली. नाही कशी, आहे की फाटकावर, काढा, असं दोनदा ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही पण जा. ओळखीचं माणूस हवं." मी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं.

एका खोलीचं घर. ती भिंतीला उशा लावून बसली होती, झोपलं की श्वास कोंडतो म्हणून. चेहरा आणि पाय सुजलेले. वय पस्तीसच्या आसपास. अँब्युलन्सवाले आत आले तशी तिने उशाशी ठेवलेली बाटली उचलून मला दाखवली. पाणी वरच्या रेघेच्या जरा खाली.

"पाणी नाही हो प्यायले मी," ती म्हणाली. "खरंच मोजून ठेवलंय."

मी कोण ते तिला सांगायचं धाडस झालं नाही.

बुधवार, २७

काल तिला लगेच मशीनवर घेतलं, आज पुन्हा. नाकाला ऑक्सिजन. या वेळी नर्सने मला आत येऊ दिलं. भिंतीवर काचेची नळी असते, तिच्यात एक लहान गोळी तरंगते आणि किती लिटर जातोय ते दाखवते. गोळी चारवर होती. मी तिच्याकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. टाकीतून पाइप, पाइपातून भिंत, भिंतीतून ही नळी. आत्ता तिच्या छातीत जातोय तो बहुधा सोमवारचा माल. शून्य फरकाचा.

दुपारी ती दोन वाक्यं बोलली, दोन्ही ताईच्या चेष्टेची. ताई जवळच्या खुर्चीवर बसून होती, आज तिचा वार नसतानाही. मला म्हणाली, "घरी जा आणि जे चुकीचं लिहिलंस ते बरोबर लिही. तेवढं तरी तुला येतं."

लिहिलं. "दिनांक एकोणीसच्या माझ्या अहवालातील निष्कर्ष चुकीचा आहे. काट्यावर आलेले जादा वजन मालाचे नव्हते, माणसाचे होते. वजनाच्या वेळी गाडीची केबिन रिकामी करून न घेणे ही माझी पद्धत आणि माझी चूक." वाक्य संपलं तेव्हा सही करायला हात पटकन गेला.

शुक्रवार, २९

सावकाश आला. टँकर नाही, पायी. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी त्याच्या शेजारी बसलो.

"मी तुम्हाला चोर लिहिलं," मी म्हणालो.

"वाचलं. कंपनीत दाखवलं मला." त्याने चपलेतली माती झटकली. "अक्षर छान आहे तुमचं."

"त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? चोर म्हटलं तर नोकरी जाते. खरं सांगितलं तर लायसन जातं. दोन्हींत तिची गाडी जाते." तो पंजाने गाल घासत राहिला. "आणि तुमचा काटा बरोबरच होता की. मी आपला दर खेपेला वाटेत म्हणायचो, आज तरी पन्नासच्या खाली असू दे. पाणी कमी साठलं असेल म्हणजे."

इतके दिवस तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत असायचा. समोर माझ्या केबिनवरचे लाल आकडे असायचे. भरण्याच्या यार्डातलं वजन त्यांतून वजा केलं की उरायची ती. मला वाटायचं, वजन होण्याची वाट बघतोय.

मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली, हो म्हणून का नाही म्हणून ते मला अजून कळलेलं नाही.

गुरुवार, ५

मधले दिवस नुसत्या खेपांचे. कंपनीने सावकाशला महिनाभर गाडीवरून उतरवून भरण्याच्या यार्डात बसवलंय, आणि लेखी ताकीद. चोरीचा ठपका काढला. टँकरमध्ये पुन्हा माणूस दिसला तर कायमचं घरी, असं भांडाराच्या बाईंनीही बजावलंय. बरोबरच आहे. हे मला कोणी विचारलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो, आणि मग प्रश्न तिथेच राहिला असता: ती येणार कशी?

उत्तर माझ्याच नोंदवहीत होतं. धुण्याची गाडी. इस्पितळाच्या चादरी धुऊन आणणारी व्हॅन रोज सकाळी शेजारणीच्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडून निघते आणि माझ्याच काट्यावर चढते. बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला हे महिन्यापूर्वी का सुचलं नाही?" मी म्हणालो, महिन्यापूर्वी मी हुशार होतो.

सोमवार, ६

हे आणखी पुढच्या महिन्यातलं सहा. सावकाश आजपासून पुन्हा त्याच्या फेरीवर.

आता माझी पद्धत वेगळी आहे. केबिनच्या दारावर पाटी लावली आहे: वजनाच्या वेळी सर्वांनी उतरावे. ड्रायव्हर, हमाल, कोणी असो. कुरकुर करतात, पण उतरतात.

साडेआठला धुण्याची गाडी आली. शेजारीण उतरली, पिशवी आणि रेघांची बाटली सांभाळत. चादरींचं वजन झालं, गाडी पुढे गेली. मी खुर्ची पुढे केली तर ती बसेना. काट्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, एवढ्या मोठ्या लोखंडी फळीवर चपला जुळवून, एकटी.

"माझं करा की," ती म्हणाली. "आजवर तुम्ही माझं वजन नुसतं चोरून केलंत."

तिला कळलं होतं मी कोण ते. ताई गुपितं फक्त माझ्यापासून राखते.

तेवढ्यात मागून टँकर आला. फाटकाशी थांबला. सावकाशने हॉर्न दिला नाही, इंजिन बंद केलं. त्याला तिथून आकडे दिसतात हे मला आता ठाऊक आहे. तिलाही ठाऊक असावं, कारण ती वळली नाही, नुसती जरा ताठ उभी राहिली. काट्याने थोडा वेळ घेतला. एवढ्या हलक्या गोष्टीची त्याला सवय नाही. मग आकडे स्थिर झाले.

"किती?" तिने विचारलं.

मी खिडकीतून मोठ्याने सांगितलं, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. "पंचेचाळीस!"

टँकरच्या काचेआड सावकाशने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि तोंडावर ठेवले.

नंतर टँकर चढला, हळूच, जसा पूर्वी चढायचा तसाच. सावकाश खाली उतरून माझ्या खिडकीशी उभा राहिला. काटा आणि मीटर यांच्यात दहा किलोंचा फरक आला, तो नोंदवहीत लिहिला. पंचेचाळीसला तिथे रकाना नाही. ते इथे लिहितो.